लग्न होईपर्यंत आई बरी

दीपाच्या लग्नाला तीन आठवडे राहिले होते, तेव्हा मला कळलं की नवव्या प्रकरणात रामचंद्रबाबांची आई मरते.

मी पुस्तक मिटलं आणि बायकोला हाक मारली. रुक्मिणी आतून नारळ खवता खवता आली. काय झालं, म्हणाली. मी म्हटलं, लग्न मोडलं. तिला वाटलं डिचोलीच्या वरपक्षाच्या मंडळींचा काही निरोप आला. मी पुस्तक उघडून तिच्यापुढे धरलं. ते पान तिने उभ्यानेच वाचलं, हातातली नारळाची कवड पाटावर ठेवली आणि खाली बसली.

"ही गेली तर आपण कामातनं गेलो," ती म्हणाली.

पुस्तकातली बाई आणि आमच्या मुलीचं लग्न यांचा संबंध बाहेरच्या माणसाला कळायचा नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. मध्येच माझा आवाज चढला तर समजून घ्या.

आमचं गाव गोव्यात, पेडण्याकडे, हळर्णेपासून जवळ. देऊळ रवळनाथाचं. देवळाच्या मंडपात रविवारी दुपारी पुराण व्हायचं. मग पुराणिकबुवांच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि ते मुलाकडे पुण्याला गेले. पुराण बंद पडलं, पण ऐकणारी माणसं बंद पडली नाहीत. रविवारी जेवून, हात पुसत, सगळी येऊन आपापल्या खांबाला टेकून बसायची आणि रिकाम्या चौरंगाकडे बघत राहायची. ते बघवेना म्हणून देवळाच्या कमिटीने मला सांगितलं, तू वाच काहीतरी. मी पणजीच्या बसस्टँडवर गाड्या पुकारून निवृत्त झालेला माणूस. मला माईक लागत नाही. साखळी, डिचोली, वाळपई एवढंच मी अशा सुरात म्हणायचो की ज्यांना तिकडे जायचं नसे तीही माणसं उठून उभी राहायची.

वाचायचं काय, हा प्रश्न होता. पोथी बुवा बरोबर घेऊन गेले होते. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे भक्तांच्या उतरायच्या जागेत, एक कपाट होतं, गावातल्या एका हेडमास्तरांनी मागे ठेवलेलं. त्यात झाडून सगळी आत्मचरित्रं. कादंबरी म्हणजे खोटं आणि कविता म्हणजे अर्धवट, असं हेडमास्तरांचं मत होतं. मी पहिलं पुस्तक काढलं ते एका नर्सबाईचं. चौरंगावर तांबडं वस्त्र घालून ते ठेवलं, पुढे नारळ ठेवला, आणि सुलोचनामावशीने येऊन हळदकुंकू वाहिलं ते मुखपृष्ठावरच्या नर्सबाईच्या बरोबर कपाळावर. तिथूनच सगळं सुरू झालं.

सुलोचनामावशी म्हणजे आमच्या वांगडातली सगळ्यांत वडील बाई. वांगड म्हणजे गावातल्या एका मूळपुरुषापासून झालेली सगळी घरं. देवळातला मान, पालखीचा खांदा आणि सुतक, या गोष्टी वांगडावर चालतात. आमच्या वांगडात शहाणे बरेच आहेत, पण शेवटचा शब्द मावशीचा. मी साठी ओलांडली तरी ती मला पांडू म्हणते.

खोटं कशाला सांगू, मला त्या वाचनाचं वेड लागलं. पुराणात पुढे काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. आत्मचरित्रात तसं नाही. सांगणारा स्वतः सांगायला बसलाय म्हणजे तो जगला एवढं नक्की. बाकी कुणाचाच भरवसा नाही. नर्सबाईला कळा सुरू झाल्या तिथे एका रविवारी मी थांबलो. सोमवारी सकाळी मावशी दारात, बाळंत झाली का म्हणून. मी म्हटलं, मावशी, त्या मुलाला एव्हाना नातवंडं झाली असतील. ती म्हणाली, ते मला सांगू नको, मुलगा की मुलगी तेवढं सांग. त्यानंतर एका स्टेशनमास्तरांचं वाचलं. त्यांच्या साहेबाने त्यांची आकसाने बदली केली, तर अजून आमच्या वाड्यावर आडमुठ्या माणसाला त्या साहेबाच्या नावाने ओळखतात. दुसऱ्याचा जन्म असा आयता मांडीवर येऊन पडतो. आपल्याला काही करावं लागत नाही, नुसतं टेकून बसायचं आणि हुंकार द्यायचा. याहून मोठं सुख मी पणजीत पगार घेताना भोगलेलं नाही.

मग 'माझी चूल पाण्यावर' हे पुस्तक निघालं. लिहिणारे रामचंद्रबाब, वेंगुर्ल्याकडचे, मालवाहू बोटीवर जन्मभर स्वयंपाकी. पहिल्याच पानावर त्यांनी लिहिलं होतं की आमचा कुलदेव पेडण्याकडचा रवळनाथ, आजोबा भावाशी भांडून घर सोडून निघाले ते परत गेले नाहीत. मावशीने हात वर केला. वाचन थांबलं.

"हो आमचो," ती म्हणाली.

कमिटीतल्या एकाने शंका काढली की रवळनाथ गावोगाव आहेत, आणि भावाशी भांडून तर निम्मं पेडणं निघून गेलेलं आहे. मावशी म्हणाली, देवाला विचारू. दुसऱ्या दिवशी कौल लावला. देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटवल्या, गुरवाने गाऱ्हाणं घातलं की हा पुस्तकातला माणूस आमच्या वांगडाचा असेल तर उजवी दे. उजवी पडली. त्या दिवसापासून रामचंद्रबाब आमचे भाऊबंद झाले. त्यांना याची खबर नव्हती, एवढंच.

चौथ्या प्रकरणात त्यांचा काका खाडीत बुडाला. मंडपात रडारड झाली, आणि मावशीने सुतक धरायला सांगितलं. भटजी म्हणाले, इतकं जुनं मरण कानावर आलं तर नुसती आंघोळ पुरते. मावशीने विचारलं, जुनं कसं? गेल्या रविवारी काका पेज जेवून जाळं विणत होता, ते तुम्हीही ऐकलंत. भटजींनी ऐकलं होतं. खांबामागे बसून उपरण्याने डोळे पुसलेही होते. वांगडाने दहा दिवस सुतक धरलं, पालखीला दुसऱ्या वांगडाने खांदा दिला, आणि मला देवळाची वार्षिक झाडलोट चुकली म्हणून मी मनातून खूश झालो. तेव्हा हसलो ते आता अंगाशी आलं.

कारण आठव्या प्रकरणाच्या शेवटी आईला ताप भरला होता. तिथे थांबून मी नारळ फोडला आणि घरी आलो. मी कधी पुढचं चोरून वाचत नाही. ऐकणाऱ्यांबरोबरच आपल्यालाही कळावं, हे माझं तत्त्व. त्या संध्याकाळी मात्र राहवलं नाही.

आई मेली की दहा दिवस सुतक. ते संपेल तोवर दुसरा कुणीतरी मरेल, ही बोटीवरची माणसं, त्यांचा काय नेम. सुतकात लग्न नाही. डिचोलीची मंडळी तर आमच्याहून कडक, शेजारच्या घरी कुणी गेलं तरी पंचांग बघणारी. आणि लग्न पुढे ढकलायची सोय नव्हती. आमचा होणारा जावई सागर लग्नानंतर लगेच मस्कतला निघणार होता. मुहूर्त चुकला तर दोन वर्षं नवरा मस्कतला आणि नवरी आमच्याकडे. दीपा आणि तो कॉलेजपासून एकमेकांसाठी थांबलेली. तिला सगळं सांगितलं तेव्हा तिने माझ्यापुढे हात जोडले.

"बाबा, काही करा, पण तिला जगवा."

पहिल्यांदा मी घसा बसल्याचं सोंग केलं. तासाभरात घरात ज्येष्ठमध, आलं, मध आणि कुणाकुणाचे काढे येऊन पडले. वर मावशीचा निरोप आला की पांडूला बरं नसेल तर शाळेतली मास्तरीण वाचेल, तिचे उच्चार चांगले आहेत. मास्तरणीचे उच्चार चांगले होते आणि कल्पनाशक्ती अजिबात नव्हती. तिने पहिल्या पाच मिनिटांत आईला मारली असती. माझा घसा लगेच सुटला. पोथी अर्ध्यावर ठेवत नाहीत, त्यामुळे वाचन बंद ठेवणंही शक्य नव्हतं. उरला एकच मार्ग.

पहिल्या रविवारी मी पुस्तक उघडून नवव्या प्रकरणाचं पान समोर धरलं, आणि त्यावर नव्हतं ते वाचलं. आईचा ताप उतरला, असं वाचलं. मंडपातून एवढा मोठा सुस्कारा निघाला की समईची वात हलली. पुढे काय वाचायचं ते मी ठरवलंच नव्हतं. समोर बायकांत रुक्मिणी बसली होती. तिने हाताने घास घेतल्याची खूण केली. मग आईने पेज घेतली. पेजेबरोबर सुक्या सुंगटांचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं, किसमूर मागितलं. तेही पोटात राहिलं. मावशी म्हणाली, किसमूर मागितलं म्हणजे आता भीती नाही.

त्या आठवड्यात रुक्मिणी आणि मी स्वयंपाकघरात बसून त्या बाईचं बघू लागलो. एकीकडे लग्नाचे लाडू, एकीकडे तिचं आयुष्य. मी म्हटलं, बिछान्यातच ठेवू, लग्न होईपर्यंत निघेल. रुक्मिणीला ते पटेना. बिछान्यातल्या बाईचा भरवसा नाही, तिला कामाला लाव, असं तिचं म्हणणं. म्हणून दुसऱ्या रविवारी आईने शेजारणीकडे शिवणयंत्र शिकायला घेतलं. नातवंडांची झबली शिवली, उसवली, परत शिवली. शेजारीण हसली तर तिच्याशी तीन दिवस बोलली नाही. लोक पोट धरून हसले. खरं सांगतो, पुस्तकातली आई चांगली होती, पण गप्प होती. माझी आई बोलायला लागली. घरी परत येताना मला तिची काळजी वाटायला लागली. ती कुठे निघाली आहे, तिची औषधं संपली की काय, असं काहीबाही.

तिसरा रविवार लग्नाआधीचा शेवटचा. त्या दिवशी मी तिला मुरगावला नेली.

हे मात्र मी सगळंच हवेतून काढलं नाही. खऱ्या पुस्तकात रामचंद्रबाबांनी लिहिलं होतं की आईला त्यांची बोट एकदा बघायची होती. प्रत्येक सुट्टीत ती विचारायची, तुझी चूल पाण्यावर हलते, तर भात लागत नाही का रे. बोट खनिज भरायला मुरगावला लागायची, वेंगुर्ल्याहून फार लांबही नव्हतं, पण जमलं नाही. एवढंच वाक्य होतं: जमलं नाही. मी ते जमवलं. आई दोन बस बदलून मुरगावला आली, नऊवारी वर खोचून शिडी चढली, कप्तानाला बाजूला सारून थेट स्वयंपाकघरात गेली. चूल बघितली, भाताचं झाकण काढून बघितलं. आमटी हातावर घेऊन चाखली आणि मुलाला म्हणाली, मीठ कमी आहे. चाळीस खलाशांसमोर म्हणाली. मंडपात टाळ्या पडल्या. पुराणात टाळ्या वाजवत नाहीत, पण भटजीही वाजवत होते.

नारळ फोडून झाल्यावर मावशीने मला खांबापाशी गाठलं. तिच्या तोंडावर मोठं काम केल्याचा आनंद होता. ती म्हणाली, रामचंद्रबाबांना लग्नाला बोलावलंय. पुस्तकाच्या शेवटी फोन नंबर छापलेला होता, मास्तरणीकडून लावून घेतला. वांगडातलं लग्न आणि वांगडातला एक वडील माणूस नको का. आईलाही आणा म्हणून सांगितलंय.

मी विचारलं, ते काय म्हणाले. मावशी म्हणाली, आईला पण का, असं दोनदा विचारलं. मग बस कुठे बदलायची ते विचारलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी ते आले. बुटके, काळेसावळे, डोक्याला टोपी, हातात एक पिशवी. त्या पिशवीत कपड्यांपेक्षा स्वतःच्या सुऱ्या जास्त होत्या. बस थांबायच्या आत अर्धा वाडा त्यांच्याभोवती. मी मांडवात खांबाला केळी बांधत होतो. हाक मारून पुढे जावं, बाजूला घेऊन पाया पडावं, असं ठरवलं होतं, पण केळीच बांधत राहिलो. मांडवापर्यंत येता येता लोकांनी त्यांना आईचं शिवणयंत्र चालतं का, शेजारीण बोलायला लागली का, शिडी चढताना पाय तर नाही मुरगळला, असं सगळं विचारून घेतलं. ते नुसते एकेकाच्या तोंडाकडे बघत होते. डिचोलीकडून दोन वयस्क माणसं वरपक्षाच्या जेवणाचं बघायला आलेली, तीही ऐकत उभी.

मावशी पुढे झाली आणि आईला कुठे ठेवून आलात म्हणून विचारलं.

"आवयक खंय दवरून आयलात?"

चुलाण्यावर मोठ्या टोपात डाळ शिजत होती, तिचा आवाज येत होता. दीपा हाताला मेंदी लावून खिडकीत उभी होती. तिने तोंडावर हात नेला आणि मेंदी गालाला लागली. या माणसाने दोन शब्द खरे बोलायचा अवकाश, की ती डाळ, तो मांडव, माझी मुलगी, सगळं जागच्या जागी थांबणार होतं. आणि खरं बोलायचा त्याला पूर्ण हक्क होता. आई त्याची होती.

रामचंद्रबाबांनी टोपी काढली.

"ती मागसून येता," ते म्हणाले.

मग ते थेट चुलाण्याकडे गेले, रांदप्याच्या, म्हणजे आचाऱ्याच्या, हातातला दवला घेऊन डाळ ढवळली आणि तिखट कुणी घातलं म्हणून विचारलं. अर्ध्या तासात स्वयंपाक त्यांच्या ताब्यात होता.

संध्याकाळी मी कोठारात नारळ काढायला गेलो तेव्हा ते मागून आले आणि दार लोटून घेतलं. मी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हातानेच थांबवलं.

"माझ्या आवशीक शिवणकाम तू शिकयलस?"

मी हो म्हटलं. पुढे सगळं भडाभडा सांगून टाकलं, सुतक, मस्कत, मास्तरणीचे उच्चार. त्यातलं त्यांनी फारसं ऐकलं असं वाटलं नाही. नारळाच्या राशीवर बसले आणि म्हणाले, ताप उतरल्यापासून सांग. मी सांगायला लागलो. वाचायला पुस्तक नव्हतं, पण मला सगळं पाठ होतं. पेज सांगितली, किसमूर सांगितलं. शेजारीण हसली तिथे तेही हसले. ती शेजारीण खरीच होती म्हणे, आणि खरीच तशी होती. मी थांबलो की ते म्हणत, फुडे काय झालां? स्वतःचं आत्मचरित्र लिहिलेला माणूस स्वतःच्या आईचं पुढे काय झालं ते मला विचारत होता, आणि मला, देवाशपथ, त्यात काही विचित्र वाटलं नाही.

मग मी बोटीवरचं सांगितलं. शिडी, चूल, भाताचं झाकण. मीठ कमी आहे म्हणाली, असं मी सांगितलं, तेव्हा त्यांनी मान खाली घातली. बाहेर रांदपी हाका मारत होते. ते उठले, अंगावरचा नारळाचा काथ्या झटकला.

"मीठ कमीच घालतंय मी," ते म्हणाले. "बोटीर सगळे तसाच म्हणत."

लग्न झालं, आणि झकास झालं. पंगतीत मावशीने रामचंद्रबाबांच्या शेजारी एक पान आईसाठी मांडून ठेवलं होतं. बस चुकली असेल, येईल, कुणी बसू नका, असं ती सगळ्यांना बजावत होती. रामचंद्रबाब जेवायला बसले तेव्हा त्यांनी आधी त्या पानावर आपल्या हाताने भात वाढला, त्यावर वरण घातलं, कडेला किसमूर नव्हतं म्हणून खोबऱ्याची चटणी ठेवली. लोकांना वाटलं आईसाठी राखून ठेवतायत. मेलेल्या माणसाला पान वाढताना मी आयुष्यात पुष्कळदा बघितलंय, लग्नाच्या पंगतीत कधी नाही. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. व्याह्यांनी विचारलं तर मुलगी जाणार म्हणून वाईट वाटतंय, असं सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

दीपा आणि सागर परतवणीला येऊन गेली, मस्कतची तिकिटं दाखवून गेली. रामचंद्रबाब आमच्याकडेच राहिले होते. सकाळी उठून चूल त्यांची. रुक्मिणी दोन दिवस कुरकुरली, तिसऱ्या दिवशी आरामखुर्चीत बसून पेपर वाचायला लागली. रविवारी मी चौरंग मांडला. त्या दिवशी काय वाचायचं ते मला माहीत नव्हतं. लग्न तर झालं होतं. आता आईला मारायला हरकत नव्हती, पण माझ्याने ते होणार नव्हतं. मी आणखी एक रविवार तिला फणसाच्या झाडाखाली बसवून ठेवायचा बेत करत होतो.

रामचंद्रबाब खांबापासून उठून आले.

"आज माका वाचूक दे," ते म्हणाले.

त्यांनी नववं प्रकरण छापलं होतं तसं वाचलं. सुराबिराने नाही, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं. बोट परदेशातल्या कुठल्याशा बंदरात होती. तार आली ती चार दिवसांची जुनी. वाचली तेव्हा भात चुलीवर होता आणि चाळीस माणसं भुकेली. सुतकातल्या माणसाने चुलीला शिवायचं नसतं हे त्यांना ठाऊक होतं, पण बोटीवर दुसरा स्वयंपाकी नव्हता. तार मिठाच्या बरणीखाली ठेवली आणि आमटी फोडणीला टाकली. दुसऱ्या दिवशी टाकली, तिसऱ्या दिवशी टाकली. बोट महिन्याने मुंबईला लागली तेव्हा सुतक उलटून गेलं होतं, घरी सगळ्यांचं रडून झालं होतं, आणि भावाने त्यांना विचारलं, तू तिथे काय पाळलंस. प्रकरण तिथे संपत होतं.

कमिटीतला तो शंकेखोर म्हणाला, पण मग बोटीवर आली होती ती? तो माझ्याकडे बघत होता. मी चौरंगावरच्या वस्त्राच्या सुरकुत्या सारख्या करायला लागलो.

"बोट बघून गेली ती," रामचंद्रबाब म्हणाले. पुस्तक मिटून त्यांनी चौरंगावर ठेवलं.

भटजींनी आंघोळीचं नाव काढलं नाही. मावशी उठली, तिच्यामागे बायका उठल्या, वांगडातले सगळे उठले आणि नदीवर गेले. दोन दिवसांवर शिमगा होता. पेडण्यात शिमग्याला सुतक म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. आमच्या वांगडाचा ढोल त्या वर्षी दुसऱ्यांच्या गळ्यात जाणार होता, पोरांनी महिनाभर तालीम केलेली रोंबाटं, म्हणजे ढोलाच्या मिरवणुका, घरात बसणार होती. तरी एकानेही तोंड वाकडं केलं नाही. ज्या बाईला कुणी बघितलं नव्हतं तिच्यासाठी सगळा वाडा ओलेत्याने घरी परतला.

नदीवरून आल्यावर रामचंद्रबाब सवयीने आमच्या स्वयंपाकघरात गेले. दिवेलागणीची वेळ, माणसं जेवायची होती. त्यांनी तांदूळ धुतले आणि आधण बघायला दवला उचलला. मावशी त्यांच्या मागोमाग आली होती. केस ओले, पदर पिळलेला. तिने तो दवला त्यांच्या हातातून काढून घेतला.

"तुमकां सुतक आसा. चुलीक हात लावूं नाकात. बसात."

ते बसले. हात गुडघ्यांवर ठेवले, मग मांडीवर ठेवले, मग काखेत घातले. हातांचं काय करायचं ते त्यांना समजत नव्हतं. थोड्या वेळाने पलीकडच्या वाड्यावरून, दुसऱ्या वांगडातल्या घरातून, केळीच्या पानाने झाकलेलं जेवण आलं. सुतकाच्या घरी शेजारी पाठवतात तसं, साधा भात आणि आमटी. रुक्मिणीने त्यांना वाढलं.

पहिला घास घेऊन ते थांबले. मी विचारलं, काय झालं.

"मीठ कमी हा," ते म्हणाले, आणि रडत रडत त्यांनी सगळा भात संपवला.